मसाल्याच्या घरगुती धंद्यात दोन बायका कायम ठेवायच्यात, मशीन घ्यायचंय. सबसिडी, पीएफ, टॅक्स, काय काय लागतं? (नाशिक)

वर्षा_इंदिरानगर
नमस्कार मंडळी. चार वर्षांपासून घरूनच मसाले करते, कांदा-लसूण, गोडा, काळा, शिवाय उडदाचे पापड. यंदा दिवाळीत शेवटी शेवटी ऑर्डर नाकाराव्या लागल्या. आता पाथर्डी फाट्याजवळ छोटा गाळा बघितलाय. दोन मदतनीस बायका कायम ठेवायच्यात, रोजावर नाही, महिना १२ हजाराच्या आसपास. आणि डंक्यावर चकरा मारून कंटाळले म्हणून स्वतःचा पल्व्हरायझर (मसाला दळायचं मशीन) घ्यायचाय. हातात सगळं मिळून सव्वा लाख आहे. एजंट, सीए, सल्लागार सगळ्यांसाठी मिळून ५ हजाराच्या वर देऊ शकत नाही, हे आधीच सांगते.
सबसिडी नेमकी कुठली मिळेल? दोन माणसांना पीएफ-ईएसआय (कामगार विमा) लागतं का? आणि माणसं ठेवली की टॅक्समध्ये सूट मिळते म्हणतात ते खरं का? उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) आहे, एफएसएसएआय (अन्न परवाना) घरच्या पत्त्यावर आहे, जीएसटी नाही.

अंबडवाला
ताई सव्वा लाखात काही होत नाही. मशीन घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्या, स्टेनलेस स्टीलचं, १० एचपी, डस्ट कलेक्टरसकट. आम्ही राजकोटहून मागवलंय, मिरची दळताना शेजारच्या गाळ्यात एक शिंक नाही. थ्री फेज लागेल, महावितरणला आत्ताच अर्ज टाकून ठेवा.

वर्षा_इंदिरानगर
दादा, बजेट वर लिहिलंय.

अंबडवाला
वाचलं ना. म्हणूनच म्हणतोय लोन काढा.

पंचवटीकर_सुहास
पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना) करा, डोळे झाकून. मॅन्युफॅक्चरिंगला ५० लाखांपर्यंत प्रोजेक्ट, महिलांना शहरात २५ टक्के, ग्रामीणला ३५ टक्के सबसिडी, स्वतःचे फक्त ५ टक्के. माझ्या मेव्हण्याने याच्यावर फॅब्रिकेशनचं युनिट टाकलं, आज क्रेटा आहे दारात.

मीनल_के
पीएमईजीपी फक्त नवीन युनिटला आहे हो सुहास भाऊ. यांचं चार वर्षं चालू आहे, उद्यम पण त्याच नावाने. अर्ज तिथेच अडकेल. यांना पीएमएफएमई बघायला हवं, अन्नप्रक्रियेची जी केंद्राची योजना आहे ती. चालू युनिटला चालते, ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. आपल्या जिल्ह्याला एक जिल्हा एक उत्पादन मध्ये कांदा आहे पण मसाला-पापडवाल्यांनाही मिळते. माझ्या जाऊबाईंना शेवया-कुरडईच्या मशीनला मिळालीये. कृषी खात्याकडे आहे ही योजना, डीआयसीकडे (जिल्हा उद्योग केंद्र) नाही, बरेच जण आयटीआय सिग्नलच्या उद्योग भवनात जाऊन परत येतात.
अर्ज भरून द्यायला डीआरपी म्हणून माणूस नेमलेला असतो, त्याचं मानधन सरकार देतं, तुम्ही त्याला एक रुपया द्यायचा नाही. आणि ठराविक मुदतीचीच योजना आहे तर रेंगाळू नका.

भाऊ_सिन्नर
एक रुपया द्यायचा नाही म्हणे 😂 आमच्याकडे एक जण फाईल चार्ज म्हणून ८ हजार घेऊन गेला, वर फोन उचलत नाही. डीआरपी पण नव्हता तो, नुसता एजंट. उद्यमचे सुद्धा पैसे घेतले होते त्याने, ते तर फुकट निघतं, आधार आणि पॅन टाकलं की झालं.

मीनल_के
मग कृषी अधीक्षक ऑफिसातून डीआरपीची यादी घ्यायची ना. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या नंबरला कशाला फोन करायचा.

भाऊ_सिन्नर
बरं बाई.

जुना_सातपूरकर
३१ वर्षं कारखाना चालवला, दोन गोष्टी सांगतो. एक, ह्या सगळ्या सबसिड्या लोनला जोडलेल्या असतात. रोख मशीन घेऊन मागाहून बिल दाखवलं तर काही मिळत नाही. दोन, सबसिडी हातात येत नाही, बँकेत तुमच्या नावाने बाजूला पडून राहते आणि तीन वर्षं युनिट व्यवस्थित चाललं तरच लोनमध्ये वळती होते. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही हे खरं. पण हप्ता पहिल्या महिन्यापासून पूर्ण. तीन लाखाचं प्रोजेक्ट धरा, १ लाख ५ हजार सबसिडी, बाकीचं तुम्हीच फेडायचंय. हल्लीच्या पोरांना हे कोणी सांगत नाही. आमच्या वेळी बँक मॅनेजर स्वतः शेडमध्ये येऊन बसायचा.

गंगापूररोड_गृहिणी
काका बरोबर. आणि बँक तारण मागते. माझ्याकडे एका बँकेत एलआयसीचे कागद मागितले होते, पाच लाखाच्या लोनला!

मीनल_के
पाच लाखाच्या लोनला लघुउद्योगाकडे तारण मागायचंच नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. लेखी मागा म्हणायचं, गप्प बसतात.

गंगापूररोड_गृहिणी
गप्प बसतात आणि फाईल पण बसवतात.

सीए_कॉलेजरोड
माणसं ठेवण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, फुकट आहे, घ्या.
पीएफ २० माणसांपासून, ईएसआय १० पासून. तुम्ही दोन ठेवताय, म्हणजे दोन्ही लागू नाही. ग्रॅच्युइटी पण १० पासून. शॉप अ‍ॅक्टला एवढ्या कमी माणसांना रजिस्ट्रेशन नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती जपून ठेवायची. प्रोफेशनल टॅक्स: तुमचा स्वतःचा वर्षाला २५००. बायकांच्या पगारातून कापायचा नाही, महिलांना २५ हजारांपर्यंत माफ आहे. पुरुष ठेवला असता तर १२ हजारावर महिना २०० कापून भरावे लागले असते.
टॅक्सची सूट म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०जेजेएए. नवीन माणसाच्या पगाराच्या ३० टक्के जादा वजावट, तीन वर्षं. पण टॅक्स ऑडिट होत असलेल्यांनाच, आणि त्या माणसाचा पीएफ हवा. तुम्ही त्याच कायद्याच्या ४४एडी मध्ये उलाढालीच्या टक्केवारीने नफा दाखवत असणार, तर विसरा.

नितीन_द्वारका
आणि ती नवीन रोजगार योजना? माणूस ठेवला की सरकार मालकाला ३००० देतं ती. ऑगस्ट २०२५ पासून चालू झालीये.

सीए_कॉलेजरोड
पीएम विकसित भारत रोजगार योजना. ३००० हे २० हजाराच्या वरच्या पगाराला, १२ हजाराला २००० बसतात. पण तीही ईपीएफओच्या (पीएफ ऑफिस) नोंदीवर चालते, पीएफ कोड नाही तर योजना नाही. ५० पेक्षा कमी माणसं असतील तर किमान दोन जादा घ्यायची, ती सहा महिने टिकली पाहिजेत.

नितीन_द्वारका
मग काढायचा कोड, त्यात काय.

सीए_कॉलेजरोड
दर महिन्याला चलन, मालकाचा हिस्सा, अ‍ॅडमिन चार्ज कमीत कमी ५०० रुपये आणि ते भरणाऱ्या माझ्यासारख्याची फी. दोन माणसांसाठी हा पसारा मी माझ्या बहिणीला सांगणार नाही.

नितीन_द्वारका
सीए लोकांना नाही म्हणायला काय जातं. माझ्या मित्राच्या कंपनीत मिळतायत. आणि आयटीआयची पोरं अ‍ॅप्रेंटिस म्हणून घ्या, १५०० सरकार देतं.

जुना_सातपूरकर
अ‍ॅप्रेंटिसला आधी चार माणसं असावी लागतात. आणि पापड लाटायला फिटर ट्रेडचं पोरगं येणार का?

चिवडेवाला_नाशिकरोड
मूळ मुद्दा सोडून सगळं चाललंय. जीएसटी घ्या आधी. पाकीटबंद चिवडा-नमकीन २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झालं, आमच्यासारख्यांची दिवाळी झाली यंदा. मसाला ५, पापडाला शून्य.

सीए_कॉलेजरोड
मालाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर जीएसटी लागत नाही. राज्याबाहेर माल पाठवत नसाल तर घाई कशाला?

चिवडेवाला_नाशिकरोड
नंबर असला की दुकानदार इज्जत देतो. हे पुस्तकात नसतं.

अंबडवाला
२०२७ चा सिंहस्थ आहे, तेव्हा मसाल्याला किती मागणी येईल विचार करा. १० एचपीच घ्या.

रेश्मा_सिडको
ताई माझं दळण-कांडपचं दुकान आहे, जरा वेगळं सांगते. गाळ्यात गेलात की एफएसएसएआयचा पत्ता बदलायला लागेल, ते जागेनुसार असतं, घराच्या पत्त्यावरचं गाळ्याला चालत नाही. उद्यममध्ये पण बदला. आणि सगळे म्हणतायत पीएफ नाही ईएसआय नाही, सुटलो. पण ईएसआय नाही म्हणजे त्या बाईचा हात मशीनमध्ये गेला तर भरपाई तुमच्या डोक्यावर, माणसं दोन असोत की एक, कायदाच आहे तसा. माझ्याकडे पट्ट्यात ओढणी अडकली होती एकीची, मोटार बंद करेपर्यंत गळ्याशी आली. तेव्हापासून कामाला आली की ओढणी-पदर खोचून वर एप्रन आणि वर्कमन कॉम्पेन्सेशनची (कामगार भरपाई) पॉलिसी. विमा कंपनीत जाऊन विचारा, दोन माणसांचा हप्ता काही फार होत नाही. शिवाय बँकेतून २० रुपयांचा सुरक्षा विमा दोघींचा काढून द्या, वर्षाला दोन लाखाचं अपघाती कव्हर. आणि पट्ट्याला जाळी लावलेलंच मशीन घ्या, जाळी वेगळी मिळते म्हणतात आणि मग कोणी लावत नाही.

वर्षा_इंदिरानगर
रेश्मा, हे कोणीच सांगितलं नव्हतं गं. पॉलिसीसाठी पगारपत्रक लागतं का?

रेश्मा_सिडको
साधी वही चालली माझी. नाव, पगार, सही. पगार खात्यावर टाका, रोख नको. आठवड्याची सुट्टी पण लिहून ठेवा.

भाऊ_सिन्नर
खात्यावर टाकला तर त्या म्हणतील नको, लाडकी बहीण बंद होईल.

रेश्मा_सिडको
अडीच लाखाच्या आतलं उत्पन्न लागतं त्याला, तेही घरातल्या सगळ्यांचं मिळून. त्यांचं त्यांना ठरवू द्या. वही मात्र खरी ठेवा.

पंचवटीकर_सुहास
मुख्यमंत्री रोजगार निर्मिती पण आहे. आणि मराठा असाल तर अण्णासाहेब पाटील महामंडळ, १५ लाखांपर्यंत लोनचं व्याज परत. मेव्हण्याच्या मित्राने

मीनल_के
सुहास भाऊ, तीन लाखाचं काम आहे त्यांचं.

वर्षा_इंदिरानगर
सगळ्यांना धन्यवाद, खूप कळलं. ठरवलंय ते सांगते. पीएमएफएमईची माहिती घेतली, तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, कागद पण सगळे होते माझ्याकडे. पण घरात हे म्हणाले हप्ता नको, आणि खरं सांगायचं तर मलाच नको. सातपूरला एका बंद पडलेल्या युनिटचा ३ एचपीचा पल्व्हरायझर मिळतोय, सिंगल फेजवर चालणारा, ४८ हजार सांगतायत. पट्ट्याला जाळी आहे, नुसती सैल आहे, ती वेल्ड करून घेणार. बाई सध्या एकच ठेवतेय, दुसरी मार्चपासून उन्हाळ्याच्या मसाल्याला. शॉप अ‍ॅक्टची सूचना काल रात्री स्वतःच भरली. पॉलिसीचं उद्या बघते.

मीनल_के
अगं जुनं मशीन घेतलंस की सबसिडी कायमची गेली त्या मशीनवर. ३५ टक्के सोडतेयस.

जुना_सातपूरकर
जुनं घेताय तर बेअरिंग आणि हॅमर बघा. हॅमरची कडा गोल झाली असेल तर ४० हजाराच्या वर देऊ नका. चालू करून मिरची दळायला लावा, धने नको, धने कशावरही दळले जातात.

अंबडवाला
३ एचपी 🤦 सिंहस्थात आठवण काढाल.

नवीन_मेंबर_आडगाव
नमस्कार, सगळा धागा वाचला नाही. ताई तुम्ही पीएमईजीपी का करत नाही? महिलांना २५ टक्के आहे.