तेरवीला खड्डा, मृगात रोप

गुरुजींच्या तेरवीलाच शाळेच्या आवारात वड लावायची सूचना चांगलीच आहे, पण भर वैशाखात नको. आपली काळी जमीन तेव्हा भेगाळलेली असते. घातलेलं पाणी भेगांतून खाली जातं, मुळं उघडी पडून रोप जळतं. मग त्यांच्या नावाचं वाळकं झाड बघायचं! तेरवीला खड्डाच खणा, 3 फूट लांब, रुंद, खोल, आणि उन्हात तापू द्या. रोप मृगाचा पाऊस दोन-तीनदा चांगला मुरल्यावर लावा: निम्मी माती, निम्मं पूर्ण कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. शेणखत कच्चं असलं की हुमणी (मुळं खाणारी अळी), उधळी (वाळवी) आलीच. रोप 5 फुटांचं घ्या, भोवती बोरीच्या काट्या रोवा. बकऱ्या आधी शेंडाच खातात. वर्गखोल्यांपासून 40 फूट तरी लांब, वडाची मुळं भिंत फोडतात. आणि नावाची पाटी खोडाला ठोकू नका, बाजूला दगड रोवा.