शहाळ्याला नळी हवीच कशाला?

‘कागदी नळीचा दोन मिनिटांत लगदा होतो, त्यापेक्षा प्लॅस्टिकची बरी’ असं काही जण म्हणतात. लगदा होतो, खरंय. आमच्या नाक्यावरचा शहाळेवाला तर न मागता दोन-दोन देतो! पण २०१५ साली कोस्टा रिकात कासवाच्या नाकपुडीतून प्लॅस्टिकची नळी पकडीने ओढून काढतानाचा व्हिडिओ पाहिलाय का? ते ऑलिव्ह रिडले जातीचं होतं. त्याच जातीची पिल्लं २०१८ मध्ये आपल्या वर्सोव्याच्या वाळूतून समुद्रात गेली. १ जुलै २०२२ पासून या नळ्यांवर देशभर बंदी आहे, तरी पावसाळ्यात भरतीनंतर चौपाटीवर चक्कर मारा, सापडतातच. अर्थात पिशव्या आणि वेष्टनांपुढे नळ्या म्हणजे चिल्लर. मी शहाळं सरळ तोंडाला लावतो. शर्ट भिजतो, भिजू दे.