अनुभव धागा: थंडीतलं गरमागरम पातेलं, आणि दाटपणा कुठून आणता?

भोपळामसूर (पुणे):
थंडी आली एकदाची. सकाळी गाडीवर बोटं वाकत नाहीयेत, संध्याकाळी सातलाच स्वेटर निघतोय, म्हटलं धागा काढूया. विषय सोपा आहे, थंडीत घरी जे गरम, पातळ आणि पोटभरीचं करता ते लिहा, मग त्याला सूप म्हणा, रस्सा म्हणा, माडगं म्हणा, कढण म्हणा, भांडण नाही. अट एकच, पाकिटं आणि कॉर्नफ्लॉवर नको. कॉर्नफ्लॉवरचा दाटपणा मला कधी आवडलाच नाही, जरा निवलं की वर साय धरते आणि खाली वहीला कव्हर चिकटवायच्या खळीसारखं होऊन बसतं. तर तुमच्या पातेल्यात दाटपणा कुठून येतो ते जरूर लिहा, पिठातून, हाडांतून, डाळीतून, कुठूनही.

माझं आधी सांगते. लाल भोपळा आणि मसूर डाळ. दोन वाट्या फोडींना पाव वाटी डाळ बास, जास्त घातली की त्याचं वरण होतं. सोबत कांदा, लसूण, आल्याचा तुकडा, दोन-तीन शिट्ट्या. नुसत्या भोपळ्याचं सूप गोडगोड लागतं आणि तासाभरात परत भूक लागते, डाळ घातली की दोन्ही तक्रारी मिटतात. वरून तुपात जिरं आणि भरडलेली मिरी. फक्त एक करा, कढत मिश्रण मिक्सरच्या बंद भांड्यात फिरवू नका, वाफ कोंडून झाकण उडतं. हँड ब्लेंडर नसेल तर सरळ रवीनं घुसळा, जरा भरड राहिलेलं उलट छान लागतं.

चला, येऊद्या.

शेकोटी (निफाड तालुका):
ताई, थंडीचा धागा आणि निफाड नाही असं कसं चालेल. पेपरात पारा घसरल्याची बातमी येते ना, ती बऱ्याचदा आमच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या आकड्यावरनंच असते. पारा चार-पाचवर आला की द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो, नाहीतर मणी तडकतात. बागेतनं कुडकुडत घरी आलं की एकच गोष्ट पाहिजे, हुलग्याचे शेंगोळे.

हुलग्याच्या पिठात मूठभर गव्हाचं किंवा ज्वारीचं पीठ, त्यात लसूण-मिरची-जिरं वाटून, हळद, मीठ, कोथिंबीर, आणि घट्ट मळायचं, पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट. मग तेलाचा हात लावून दोन तळव्यांत वळायचं, करंगळीएवढं लांब झालं की टोकं जोडून कडं करायचं. आमची आई परातीच्या पालथ्या बाजूवर वळते, तिचे सगळे एका मापाचे होतात, माझे कुठं जाड कुठं बारीक. तिकडं पातेल्यात तेलात भरपूर लसणाची फोडणी देऊन पाणी ओतलेलं असतं, ते खळखळ उकळलं पाहिजे, मगच एकेक सोडायचे, कोमट पाण्यात सोडले की विरघळलेच समजा. सगळे सोडून झाले की परातीला चिकटलेलं पीठ पाण्यानं धुऊन तेच पाणी पातेल्यात ओतायचं, आमचा दाटपणा तिथून येतो. वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचं. एक तोडून बघा, मधे पांढरट कोरडं दिसलं तर अजून पाच मिनिटं.

वरून कच्चं तेल, कांदा आणि बाजरीची भाकरी. घाम आला पाहिजे.

आमसूल (ठाणे, मूळ मालवणकडचे):
ठाण्यात थंडी म्हणजे पंखा दोनवर, पण म्हणून काय झालं, आमच्याकडे कुळथाची पिठी जानेवारीत जरा जास्तच होते. पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्या, एकही गुठळी नको. तेलात सालासकट ठेचलेली लसूण लाल होईपर्यंत, मग कांदा, मिरची, मग ते कालवलेलं पाणी. उकळी येईपर्यंत डाव हातातून सोडायचा नाही कारण कुळथाचं पीठ तळाला धरतं आणि एकदा धरलं की करपट वास सगळ्या पिठीला. आमसुलं शेवटी, ओलं खोबरं वरून. सोबत मऊ भात आणि भाजलेला सुका बांगडा. शेजाऱ्यांना बांगड्याचा वास जातो, जाऊदे.

शेंगोळेवाले दादा, तुम्ही हुलगे भाजून दळता का? आमच्याकडे भाजून, भरडून, सालं पाखडून मग दळतात, म्हणून पिठीला तो खमंगपणा येतो.

शेकोटी:
हे घरोघरी वेगळं आहे ताई. आम्ही कच्चेच दळतो, मामाकडं हलके भाजून घेतात. भाजलेल्या पिठाला चव चांगली पण वळताना जरा तुटतं, असं आईचं म्हणणं.

रस्सावाला (कोल्हापूर):
शाकाहारी मंडळींनी पुढं सरका, आता आमचा नंबर.

पांढरा रस्सा म्हणजे नुसतं नारळाचं दूध असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नाही ओ. मटण हळद न घालता आलं-लसूण-मीठ लावून भरपूर पाण्यात शिजवायचं, ते अळणी पाणी हा सगळा पाया. वाटण काजू, खसखस आणि तिळाचं, भिजवून अगदी गंधासारखं बारीक. तुपात दालचिनी, वेलदोडा, लवंग, मिरी टाकायची, वाटण जरा परतायचं, अळणी ओतायचं, आणि नारळाचं दूध सगळ्यात शेवटी. दूध घातल्यावर उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर फाटतं, नुसतं कडेनं हललं की गॅस बंद. तांबड्याबद्दल लिहीत बसलो तर धागा माझाच होईल म्हणून सोडतो.

पण खऱ्या कडाक्याच्या थंडीत पांढऱ्याच्याही वर पायाचं सूप. बोकडाचे पाये खाटकाकडनं भाजून आणायचे, घरी परत जाळावर धरून चाकूनं खरवडायचे, हे काम चुकवलं तर जळक्या केसांचा वास शेवटपर्यंत जात नाही. मग आलं, लसूण, मिरी, दालचिनी, हळद, आणि कुकरमधे बारीक गॅसवर तासभर. पायात मटण असं नसतंच, कातडी, शिरा, सांधे. त्यातलं कोलॅजेन मंद शिजून जिलेटिन होतं, त्यामुळं ओठ एकमेकांना चिकटतात. उरलेलं फ्रिजमधे ठेवा, सकाळी पातेलं तिरकं केलं तरी हलत नाही असं थिजलेलं असतं. थिजलं नाही तर पाणी जास्त झालं किंवा शिजणं कमी पडलं, सरळ हिशोब आहे. पीठबीठ काही लागत नाही.

सोलेप्रेमी (अमरावती):
बाप्पा, तुरीच्या शेंगा बाजारात आल्या अन् कोणी आमटीचं नाव घेतलं नाही अजून! विदर्भात डिसेंबर-जानेवारी म्हणजे सोले. टीव्हीसमोर सगळे शेंगा सोलायला बसतात, अर्धे दाणे तोंडात जातात, ते धरूनच शेंगा आणायच्या.

हिरवे दाणे तेलावर परतून घ्यायचे, कुठे कुठे काळे ठिपके आले पाहिजे. त्यातले निम्मे हिरवी मिरची, लसूण, सांबार (कोथिंबीर) घालून जाडसर वाटायचे, निम्मे अख्खेच. फोडणीत वाटण तेल सुटेस्तोवर परतायचं अन् मग कढत पाणी, गार पाणी घातलं की चव बसते. वाटलेले दाणेच आमटीला दाट करतात, उकळताना आणखी घट्ट होते म्हणून सुरुवातीला वाटते त्यापेक्षा पातळच ठेवा. भरताची नाही, छोटी काटेरी वांगी चिरून टाकली तरी चालतात. गरम भात, नाहीतर ज्वारीची भाकर चुरून. पुण्याच्या फ्रोजन मटारवर हे होत नाही, पोरीनं करून पाहिलं, हिरवं गोड पाणी झालं म्हणाली. आता मी दाणे सोलून डब्यात पाठवते.

भोपळामसूर:
काकू, पुण्याचा डबा माझ्याही पत्त्यावर चालेल. 😄

बर्फातली (मॉन्ट्रियल):
इथे जानेवारीत उणे वीस-पंचवीस म्हणजे बातमी नसते. क्यूबेकमधलं जुनं पोटभरीचं सूप म्हणजे पिवळ्या वाटाण्याचं, अख्खे वाळलेले वाटाणे रात्रभर भिजवून कांदा, गाजर, सेलरी, तमालपत्र आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा घालून तासन् तास शिजवतात. पहिल्यांदा शेजारच्या आजींकडे बघितलं आणि म्हटलं अहो हा तर रगड्याचा वाटाणा! भारतात येणारा पिवळा वाटाणा बराचसा कॅनडातूनच यायचा, म्हणजे आपण ठेल्यावर खातो त्याचं माहेर इकडेच.

मी मांस घालत नाही, त्याऐवजी तुपात हिंग-जिरं आणि कांदा चांगला तांबूस, कारण वाटाण्याला काहीतरी खमंग आधार लागतोच. वाटाणे मऊ होईपर्यंत टोमॅटो, लिंबू काही आंबट घालायचं नाही, आंबटानं साल कडक राहतं आणि मग कितीही शिजवा. शिजले की डावानं कडेला दाबून थोडे फोडायचे, सूप आपोआप दाटतं. मोठं पातेलं करते आणि बाल्कनीत ठेवते, हिवाळाभर तोच आमचा डीप फ्रीझर. फक्त खार येऊ नये म्हणून झाकणावर वीट ठेवावी लागते. हल्ली स्लो कुकर घेतलाय, ऑफिसला जाताना लावायचा, त्यात राजमा-चिली पण करून बघायचीय.

रवीमंथन (नागपूर):
बर्फातली ताई, मधेच बोलते, राजमा कच्चा थेट स्लो कुकरमध्ये टाकू नका हं. लाल राजम्यात एक लेक्टिन असतं, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं, ते खळखळ उकळल्यावरच नष्ट होतं. स्लो कुकर तेवढा तापेलच असं नाही, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षा वाईट, दोन-चार तासांत उलट्या सुरू होतात. भिजवलेलं पाणी ओतून टाका, नव्या पाण्यात निदान १० मिनिटं जोरात उकळा, मी तर ३० मिनिटं उकळते, मग खुशाल कुकरात लावा. आपल्या शिट्टीच्या कुकरला ही भानगड नाही.

फौजीकाका (सध्या सातारा):
नोकरीमुळे लेहला राहणं झालं. साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ दिवसभर ठेवली तरी दाणा दाणा वेगळा. प्रेशर कुकर तिथे चैन नाही, गरज आहे.

थुकपा सगळ्यांना माहीत असतो, पण मला आवडलं ते स्क्यू. गव्हाच्या पिठाचे छोटे गोळे करून अंगठ्यानं दाबायचे, वाटीसारखा खोलगट आकार येतो, आणि बटाटा, गाजर, सलगम, असलं तर मांस, या रश्श्यात सोडायचे. घरमालकीण बाई बोलता बोलता इतक्या भराभर दाबायच्या की बघत राहावं. दाटपणा त्याच पिठाचा. वर निफाडकरांनी शेंगोळे लिहिलेत ते वाचून स्क्यू आठवलं, आणि आमच्या घरची चकोल्यांची आमटीही त्याच कुळातली. मसाला मात्र तिकडे नगण्य, सुरुवातीला मी लपून कांदा-लसूण मसाला घालायचो.

चमचाभर (श्टुटगार्ट):
इथल्या सुपरमार्केटात झुप्पेनग्र्यून नावाची जुडी मिळते, गाजर, सेलरीच्या कंदाचा तुकडा, लीक, पार्सली, सगळं एकत्र बांधलेलं, एका पातेल्याचं माप. ती बारीक चिरून तपकिरी मसूर घालायची, तीस-चाळीस मिनिटं, आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर. व्हिनेगर ऐकून नाक मुरडलं होतं, पण आमसुलाचं काम करतं ते. इकडे श्वाबिश लोक मसुरासोबत श्पेट्झल खातात, अंड्याच्या पिठाचे तुकडे. काका, घ्या, तुमच्या कुळात अजून एक.

तीळकूट (सोलापूर):
सगळं ठीक पण भोगीची भाजी? संक्रांतीच्या आदल्या दिवशी, पावटे, ओला हरभरा, गाजर, वांगी, घेवडा, ओल्या शेंगा, बोरं, जे थंडीत पिकतं ते सगळं एका पातेल्यात. न खाई भोगी तो सदा रोगी. लोक ती कोरडी करतात, आमच्यात अंगाशी रस्सा ठेवतात, आणि तो दाट होतो तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या कुटानं. तीळ कोरडेच भाजा, तडतडायला लागले की लगेच उतरवा. आधी कडक दाणे शिजवून घ्या, वांगी शेवटी, नाहीतर सगळा लगदा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. यापुढे तुमचं सूप म्हणजे आजारी माणसाचं खाणं, राग मानू नका.

तिरफळ (फोंडा, गोवा):
राग नाही, पण खतखतं खाऊन बघा एकदा. तूरडाळ, पाच-सात भाज्या, नारळाचं वाटण, आमसूल आणि तिरफळं. तिरफळातली काळी बी काढून टाकायची, साल फक्त ठेचायचं, वाटायचं नाही, वाटलं की कडू. दाटपणाला खोबरं आणि डाळ पुरे.

भोपळामसूर:
किती मस्त लिहिताय सगळे. शेंगोळे या रविवारी नक्की. पण पुण्यात हुलग्याचं तयार पीठ चांगलं मिळत नाही, मागे आणलेलं कडवट निघालं. काय करू?

शेकोटी:
तयार पीठ घेऊच नका ताई, किती दिवसांचं असतं कुणाला माहीत. अर्धा किलो हुलगे आणा, ताटात पसरून निवडा, त्यात खडे फार असतात आणि रंग सेम, दाताखाली आला की शेंगोळ्याची सगळी मजा जाते. दोन दिवस ऊन द्या. गिरणीवाल्याला सांगा डाळीच्या मागनं टाक, गव्हाच्या मागनं नको, आणि जरा बारीक. एवढं पीठ महिनाभरात संपवा. आणि शेंगोळे उरले तर सकाळी ते सगळा रस्सा पिऊन घट्ट झालेले असतात, तेव्हा कढत पाणी घालून एक उकळी काढा, मीठ परत बघा.