गोळीचा असर लवकर उतरतो तेव्हा

ताई, बाबांच्या पार्किन्सन्सवरच्या लेव्होडोपा गोळीचा असर पुढच्या गोळीआधीच उतरतो, म्हणून आता तिच्या जोडीला सॅफिनामाइड हे औषध दिलंय, असं तुम्ही लिहिलंत. इथे ठाण्यात माझ्या आईला याच त्रासासाठी एन्टाकॅपोन हे औषध दिलं होतं. ते लेव्होडोपाच्या गोळीसोबतच घ्यायचं. लघवी केशरी झाली तर घाबरायचं नाही. सॅफिनामाइड मात्र दिवसातून एकदाच. दोन्हींनी ‘ऑफ’चा काळ, म्हणजे गोळीचा असर उतरून त्रास परत जाणवतो तो वेळ, घटतो, पण अंगाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली वाढू शकतात. तसं दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवा, लेव्होडोपाचा डोस कमी करावा लागू शकतो. मनापासून सांगते, वाशीत कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून खोकल्याचं औषध परस्पर आणू नका. खोकल्याच्या बऱ्याच औषधांत असणारं डेक्स्ट्रोमेथॉर्फन सॅफिनामाइडबरोबर अजिबात चालत नाही, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉलही नाही. आणि गोळ्यांच्या व ‘ऑफ’च्या वेळा वहीत लिहून न्या, डॉक्टरांना त्यावरूनच नेमकं ठरवता येतं.