रविवारी सुई धरायची नाही! तुमच्याकडे शब्बाथ, म्हणजे देवासाठी राखलेला विश्रांतीचा दिवस, कसा पाळायचे?

नगरची_नात:
आज उपासनेला निघताना पोराच्या शर्टाचं बटण तुटलं. सुईदोरा घेतला आणि हात थांबला. आमची आजी शिवणकाम करायची. शनिवारी दिवेलागणीला मशीनवर जुनं लुगडं पडायचं ते थेट सोमवारी निघायचं. रविवारी बटण गेलं तर सेफ्टी पिन. रस्सा शनिवारीच, बुटांना पॉलिशही शनिवारीच. लग्नसराईत गिऱ्हाइकं दारात येऊन बसायची. आजी पाणी द्यायची, माप घ्यायची नाही. आम्हाला पत्ते बंद, लगोरी बंद, रविवार अगदी नको व्हायचा. आणि आता मीच रविवारी कपड्यांचं मशीन लावून लॅपटॉप उघडते. लिहा तुमचंही.

रात्रपाळी:
नर्स आहे. रविवार महिन्यातून एखादा मिळतो, त्यामुळे माझा शब्बाथ ड्यूटीचार्ट ठरवतो. या आठवड्यात बुधवार. फोन पिठाच्या डब्यामागे ठेवला. पहिल्या तासात डबा चार वेळा हलवला हाहा

वसईचा_वाडीवाला:
सातची मिस्सा (चर्चमधली उपासना), मग बाजार, मग मटण, मग पाहुणे. विश्रांती बाबांची. आई रात्री म्हणायची, झाला एकदाचा रविवार.

पाळकीणबाई:
+१. विश्रांतीवर उपदेश देऊन आमचे हे दुपारी तीन घरभेटी करतात. आमचा वार सोमवार. बेल वाजली की दोघं चिडीचूप. देव क्षमा करो.

शनिवारवाला:
आम्ही ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे शनिवारी शब्बाथ पाळणारे ख्रिस्ती. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत. बीकॉमचा एक पेपर शनिवारी आला. अर्ज केला, उपयोग झाला नाही. बसलो नाही, वर्ष गेलं. आई रडली, पण ‘जा, दे पेपर’ असं एकदाही म्हणाली नाही. बरोबर केलं का, अजून कळत नाही.

रात्रपाळी:
बाप रे. बायबलात, मार्काच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो ना, शब्बाथ मनुष्यासाठी झाला.

शनिवारवाला:
हो, तेच वचन सगळे काका-मामा ऐकवून गेले तेव्हा.

अलिबागकरीण:
शनिवारवरून आठवलं. आमच्याकडचे बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून नावच पडलं शनिवार तेली. ख्रिस्ती नव्हेत ते, ज्यू. पण राहवलं नाही.

गिरणगाव:
आणि रविवारची सुट्टी साहेबाने आपणहून दिली असं कोणी म्हणू नका. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे भांडले तेव्हा १८९० साली गिरणी कामगारांना मिळाली. खंडोबाचा वार म्हणून मागितली होती.

वसईचा_वाडीवाला:
मग खंडोबाचेही आभार. ते राहू द्या, रस्सा कसला असायचा?

नगरची_नात:
मटणाचा, काळ्या मसाल्यातला. रविवारी नुसता गरम करायचा, पण शनिवारपेक्षा भारी लागायचा. आज पोराला पिनच लावली. ऐन प्रार्थनेत उघडली. ‘आमेन’च्या आधी ‘आई गं’ ऐकलं सगळ्या चर्चने.