चादरीला भोक पडलं: रफू करायचं की नवी आणायची?

सुईदोरा: चांगली जाडजूड सोलापुरी चादर एका भोकापायी फरशी पुसायला काढतात, हे मला पटत नाही. दोन बोटांएवढं भोक हाताने रफू होतं. चादर आधी धुऊन वाळवा. टोकाची दुमड थोडी उसवली की आत दडलेल्या कडेचे चार-पाच आडवे धागे निघतात, तेच वापरा. जाडी तीच, रंगही जुळतो. भोकाखाली पालथी वाटी धरा. भोकाच्या दीड सेंटिमीटर बाहेर, धड कापडातून धावदोरा सुरू करा. गाठ नको, ती अंगाला टोचते. आधी सगळे उभे दोरे, मग बोथट सुईने आडवे: एकावरून, एकाखालून, पुढच्या ओळीत उलट. दोरा ओढून ताणलात की चुण्या पडल्याच.

कांडीवाला: असं नसतंय ओ. जॅकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली चादर म्हणजे धोतर नव्हे. तिच्यात दोन रंगांचे धागे, पुढची नक्षी मागे उलट्या रंगात. तुमची एक-वर-एक-खाली वीण त्यात पापडासारखी कडक बसते. आणि भोक कशानं पडलं ते आधी बघा. खिळ्याला अडकून किंवा उंदराने कुरतडून पडलं असेल तर रफू चालेल. झिजून पडलं असेल तर चादर खिडकीशी उजेडात धरा. भोकाभोवती वीतभर चाळणीसारखा उजेड दिसला की रफू विसरा, पुढच्याच धुण्यात रफूच्या कडेने टरकते.

सुईदोरा: मान्य. तिथे मागून ठिगळ. पण कोऱ्या कापडाचं नको, धुण्यात आटतं आणि चादर गोळा करतं. जुन्या सुती कापडाचं घ्या, उभे धागे उभ्याशी जुळवा, कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा आधी सुटतो. आणि दोरा सुतीच हवा. पॉलिस्टरचा दोरा विरलेल्या सुतापेक्षा मजबूत, तो करवतीसारखा कापड चिरतो.

नवी_घडी: तासभर सुई चालवायची आणि मिळवायचं काय? १८७७ साली सोलापुरात जुनी मिल ही कापड गिरणी उभी राहिली तेव्हापासून हे गाव नव्या कापडावर जगतंय. सगळेच रफू करत बसले तर यंत्रमागावरच्या कामगाराने काय खायचं?

कांडीवाला: कामगाराचं पोट तुमच्या एका चादरीवर नाही हो. मंदी येते ती सूत महागलं की, मोठी मागणी आटली की. मात्र वेळेचा मुद्दा खरा. टॉवेलला तर रफू करूच नये. वरच्या लवेतला एखादा फास, म्हणजे धाग्याचा वेढा, बाहेर निघाला तर ओढू नका, शेजारचे सरकतात आणि टक्कल पडतं. बुडाशी कात्रीने कापा, कारण जमिनीची, म्हणजे फासांखालच्या मूळ कापडाची वीण वेगळ्या धाग्यांची असते. मध्ये विरला असेल तर कडेचे धड तुकडे कापून हातपुसणी शिवा.

नवी_घडी: मग चादरीलाही तोच न्याय लावा की! मधला भाग विरला तर धड कडा गोधडीच्या आत घाला. ठिगळ कशाला?

सुईदोरा: गोधडी ठीक, पण जाड चादरीचा एकच थर घाला. दोन थरांतून सुई जाता जात नाही, टाके मोठे पडतात आणि आतलं कापड धुताना एका कोपऱ्यात गोळा होतं. चादर टोकालाच फाटली असेल तर मात्र ना रफू ना गोधडी. फाटका भाग सरळ धाग्यावर कापा, नवी दुमड घाला. चार बोटं आखूड होईल, एवढंच.