वेबसॉकेटची नक्कल: जोडणी तोडूनही पाहावी
वेबसॉकेटच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात उघडी राहून दोन्ही बाजूंनी संदेश नेणाऱ्या जोडणीच्या, चाचणीसाठी खरा सर्व्हर चालवावा की ब्राउझरमधला वेबसॉकेट क्लासच बदलावा, या प्रश्नाला प्लेराइट या ब्राउझर-चाचणीच्या साधनाच्या १.४८ आवृत्तीपासून तिसरे उत्तर आहे. तिच्यातील राउटवेबसॉकेट ही सोय जोडणी मध्येच अडवते आणि खऱ्या सर्व्हरशी मुद्दाम जोडून दिले नाही, तर सर्व्हरच्या वतीने चाचणीच उत्तरे देते. मात्र ती पान उघडण्यापूर्वी लावावी, कारण आधीच उघडलेल्या जोडण्या तिच्या कक्षेत येत नाहीत.

केवळ संदेश पोहोचतो का, एवढेच तपासणे मला अपुरे वाटते. चिवट दोष जोडणी तुटल्यानंतर दिसतात: तोच संदेश दोनदा उमटतो, किंवा मधल्या काळातील संदेश गळतात. म्हणून नकली सर्व्हरने जोडणी मुद्दाम बंद करावी आणि पुनर्जोडणीसाठी सेकंद मोजत थांबण्याऐवजी प्लेराइटचेच नकली घड्याळ पुढे सरकवावे.